पानाच्या तळाला उरलेली जागा

प्रार्थनाघरामागच्या सभागृहात त्या दुपारी मुंगीला शिरायला वाव नव्हता. खुर्च्या संपल्या, बाकं संपली, मग लोक खिडक्यांत चढून बसले. पुढे टेबल, टेबलावर एकच मेणबत्ती, आणि मेणबत्तीमागे वचनदादा. सदरा पांढराशुभ्र, आवाज मधात बुडवून काढलेला.

"सतराशे वर्षं!" वचनदादा म्हणाले. "सतराशे वर्षांपूर्वी वाळवंटातल्या गुहेत एक संत बसला होता. अन्न नाही, सोबत नाही. कुणासाठी बसला होता? ताई, तुमच्यासाठी! आज तुम्ही या खुर्चीवर बसणार, हे त्याला तेव्हाच दिसत होतं."

इतक्या लांबून प्लॅस्टिकची खुर्ची दिसली म्हणजे संताची नजर झकासच असणार, असं थोरलीच्या मनात आलं. धाकट्या बहिणीने हाताला धरून आणलं होतं म्हणून ती आली होती. नाहीतर सत्तरी ओलांडलेली ही बाई, नवरा गेल्यापासून सहा वर्षं घरात एकटी, बोलायला कोणी नाही म्हणून रेडिओशी भांडणारी, ती कशाला इथे येते!

वचनदादा ढिगातला कोरा कागद उचलायचे, सगळ्यांना दोन्ही बाजूंनी दाखवायचे आणि ज्योतीवर धरून हलके हलके फिरवायचे. कोऱ्या कागदावर तपकिरी अक्षरं उमटायची. सभागृह एका दमात "आहाहा" म्हणायचं. मग संताचं ते बोलणं दादा मोठ्याने वाचायचे. "हे वचन फक्त तुमच्यासाठी. जगात दुसऱ्या कोणासाठी नाही."

धाकटीची पाळी आली. अक्षरं उमटली. दादांनी वाचलं:

"हातातलं खाली ठेव. भरल्या हाताला दार उघडता येत नाही."

हे वाक्य थोरलीने आधी ऐकलं होतं.

"ताई, हातात काय धरलंय तुम्ही?" दादांनी विचारलं.

धाकटीच्या मुठीत गोळ्यांची डबी होती. तिला तरुणपणापासून फिट यायची. गोळी लागू पडल्यापासून अकरा वर्षं एकही आली नव्हती. ती डबी ती कधी नजरेआड होऊ द्यायची नाही.

"संत सांगतोय, ठेवा खाली," दादा म्हणाले. धाकटीने रडत रडत डबी टेबलावर ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतके शहाणे लोक एका जागी जमलेले थोरलीने त्याआधी पाहिले नव्हते.

परतताना धाकटीच्या दाराशी थोरलीला राहवेना.

"ते वाक्य ह्यांचं आहे."

"कुणाचं?"

"तुझ्या दाजींचं. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले होते आणि दाराला लाथा घालत होते. ह्यांनी आतून दार उघडलं आणि हेच म्हणाले. शब्दन् शब्द हाच. मी वर दोन शिव्या हासडल्या होत्या, म्हणून लक्षात आहे."

धाकटी हसली. "दाजी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे ना? मग संताचं वाचलं असेल कुठेतरी आणि तुझ्यावर फेकलं असेल. ताई, देव दारात आला तरी तू त्याला पाय पुसायला सांगशील."

"पुसायलाच पाहिजेत. फरशी मी पुसते."

"जा आता तू," धाकटी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

चिडून का होईना, धाकटी बोलली होती ते खोटं नव्हतं. आधी कोण बोललं, संत का नवरा? आपल्याला आठवतं एवढ्यावर जग ऐकत नाही. थोरली चौथीपर्यंत शिकलेली. पण त्याच छापखान्यात चाळीस वर्षं तिने पानं दुमडली होती, शिवली होती, पुठ्ठे चिकटवले होते. पुस्तक कसं जन्मतं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पाद्री शिकवून तयार करतात त्या शाळेच्या ग्रंथालयात गेली. तिथली ग्रंथपाल काठीसारखी सरळ आणि वाळकी बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं, एकदाही हसली नाही, आणि म्हणाली, "परवा या."

परवा टेबलावर चार जाडजूड ग्रंथ उघडे होते.

"या संताने स्वतः काही लिहिलेलं नाही," ग्रंथपाल म्हणाली. "त्याचे बोल इतरांनी लिहून ठेवले. मी ते सगळे चाळले. मागे शब्दांची सूची असते. 'हात' पाहिला, 'दार' पाहिलं, 'ओझं'सुद्धा पाहिलं. तुमचं वाक्य त्यात नाही. त्याच्या जवळपास जाणारंही नाही."

"म्हणजे तो बोलला नाही?"

"तसं मी म्हणणार नाही. मला सापडलं नाही, एवढंच मी सांगू शकते. पण जो म्हणतो संत बोलला, त्याने कुठे लिहिलंय ते दाखवायचं. ते काम त्याचं, तुमचं नाही. तुम्ही एक करा. हे वाक्य छापलेलं सगळ्यात जुनं कुठे सापडतं, ते शोधा."

थोरलीला हे पटलं. घरी येऊन तिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. सहा वर्षांत तिने ती उघडली नव्हती. उघडली की शाईचा वास येणार आणि दिवस फुकट जाणार, हे तिला ठाऊक होतं. तसंच झालं.

मग तिने कामाला हात घातला. छापखान्यातून दरवर्षी वर्षपुस्तिका निघायची. महिन्याला एक पान, वर तारखा आणि प्रार्थना, तळाला संताचं वचन. लोक ती वचनं कापून भिंतीला लावायचे. प्रत्येक वर्षाची एक प्रत तिने स्वतः शिवून ठेवली होती. चौथी पुस्तिका उघडली आणि तिसऱ्याच पानावर पिशव्यांचं वाक्य होतं. खाली संताचं नाव.

त्याच वर्षाचे कच्चे छापलेले, तपासायचे कागद पुस्तिकेत दुमडून ठेवलेले होते. थोरलीने बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं. पानाच्या तळाशी मालकाच्या हातचं लाल शाईत लिहिलेलं: "दोन ओळी जागा उरते. काहीतरी भर." त्याखाली नवऱ्याच्या बारक्या अक्षरात वाक्य. नाव नाही. मग पुन्हा लाल शाई: "चांगलं आहे. कुणा संताचं नाव टाक."

बाराही पानांवर हेच. जागा उरली, नवऱ्याने भरली, संताचं नाव पडलं. चौथ्या पानावर होतं, "जो दिवा फुंकतो, त्याने आधी माणसं मोजावीत." हे तर ती आजारी असताना नवरा दिवा मालवायला आला तेव्हा बोलला होता! संतांच्या नावाने तिच्याच घरातलं बोलणं गावभर भिंतींना चिकटलं होतं, आणि तिला पत्ता नव्हता. शिवायची घाई असायची. पानं ती कधी वाचायचीच नाही.

ती हसली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

आयुष्यभर तिने चारचौघांत मान ताठ ठेवून सांगितलं होतं, "आमचे हे देवाधर्माची पुस्तकं छापायचे. एक काना इकडचा तिकडे व्हायचा नाही." आता त्याच चारचौघांत उभं राहून सांगायचं की आमच्या ह्यांनी संतांच्या तोंडी आपली वाक्यं घातली? पेटी बंद केली असती तर कोणाला कळणार होतं?

सभेनंतर चौथ्या दिवशी ती धाकटीकडे गेली. धाकटी चहा ओतत होती. एकाएकी तिचा हात ताठ झाला, कप फरशीवर फुटला, आणि चार-पाच श्वासांइतका वेळ तिची नजर कुठेच नव्हती. मग ती भानावर आली आणि म्हणाली, "बघितलंस? वाईट बाहेर पडतंय."

थोरलीने तुकडे वेचले. सभेत मिळालेला धाकटीचा कागद उशाशी होता. तिने तो उचलला आणि खिडकीशी तिरका धरला. बोटं थांबली. अक्षरं होती तिथेच कागद किंचित फुगला होता. कागद एकदा भिजला की वाळला तरी पहिल्यासारखा सपाट होत नाही. चाळीस वर्षं कागदाला हात लावलेल्या बोटांना हे डोळ्यांआधी कळतं.

घरी तिने दूध लावून पाहिलं, साखरेचं पाणी लावून पाहिलं, शेवटी लिंबू पिळलं. काडी रसात बुडवून लिहिलं, वाळवलं, मेणबत्तीवर धरलं. तपकिरी अक्षरं सुरेख उमटली. संत लिंबात बसलेला होता.

पुढच्या सभेला गर्दी दुप्पट होती. दादांनी तीन कागद शेकले, तीन वचनं वाचली. चौथा उचलला तशी थोरली उभी राहिली.

"दादा, थांबा. यावर काय येणार ते मी सांगते. 'जो दिवा फुंकतो, त्याने आधी माणसं मोजावीत.'"

"आजी, बसा खाली."

"शेका की!"

लोक ओरडले, "शेका, शेका!" दादांनी शेकला. माणसं मोजावीत, असंच आलं.

"संत तुमच्याशी बोलला वाटतं," दादा कसेबसे म्हणाले.

"संत नाही. पुस्तिका बोलली." थोरलीने पुस्तिका वर धरली. "बारा पानं, बारा वाक्यं. दादांनी पहिल्यापासून लिहून काढली आणि दर सभेला तशीच थप्पी लावली. आजची चारही त्याच क्रमाने आली. आधीच्या सभांत आजचं पहिलं वाक्य फक्त तुमच्यासाठी म्हणून कोणाकोणाला मिळालं? हात वर करा."

चार हात वर गेले. एकमेकांकडे बघत खाली आले.

"आता हा माझा कोरा कागद. एवढा एक शेका."

दादा शेकेनात. तिने स्वतः ज्योतीवर धरला. वेडीवाकडी, चौथीतल्या मुलीसारखी अक्षरं उमटली. पुढच्या रांगेतल्या बाईने वाचली: "धाकटे, गोळी घे."

"लिंबाचा रस," थोरली म्हणाली. "कागदाच्या आधी तो करपतो. घरी करून बघा. वाटलं तर दादांचे कोरे कागद उजेडात तिरके धरा, फुगवटे दिसतील."

खिडकीतल्या लोकांनी थप्पी उचलली आणि एकेक कागद उजेडात धरला. दादा मेणबत्ती विझवायला वाकले. आधी माणसं मात्र त्यांनी मोजली नाहीत.

"पण वचन तर संताचं ना?" मागून कोणीतरी विचारलं. आवाज रडवेला होता.

हाच प्रश्न यायचा होता. थोरलीने ताठ मान आणखी ताठ केली.

"नाही. माझ्या नवऱ्याचं आहे. पानाच्या तळाला जागा उरायची, ती तो भरायचा. मालकाने नाव टाक म्हटलं, त्याने टाकलं. चूक केली त्याने. हा त्याच्या हातचा कागद. ज्याला बघायचा त्याने बघा."

कागद हातोहात फिरला. धाकटीपर्यंत गेला. तिने दाजींचं अक्षर ओळखलं. टेबलावर गेल्या खेपेची तिची डबी तशीच पडून होती. ती उठली, डबी उचलली, पाण्याशिवाय गोळी गिळली, आणि ताईकडे न बघता शेजारणीबरोबर निघून गेली.

सभागृह रिकामं झालं तेव्हा एक म्हातारी थोरलीजवळ रेंगाळली. "वाक्य चांगलं होतं हो."

"चांगलंच होतं. पण चांगलं वाक्य म्हणजे औषध नव्हे. कोणी संताचं नाव घेतलं की विचारा, कुठे लिहिलंय? दाखव. आणि दाखवलं तरी फिटची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. संत खरा असला तर त्याला राग येणार नाही. राग आला की समजा, बोलणारा दुसराच आहे."

वाटेत तिने भाजी घेतली, पीठ घेतलं. धाकटीच्या खिडकीत दिवा होता. ती क्षणभर थांबली. पडदा हलला नाही. गोळी पोटात गेली आहे, तेवढं पुरे, असं म्हणून ती पुढे चालू लागली.

दाराशी आली तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या होत्या. सवयीने तिने पाय उचलला. मग आठवलं.

तिने पिशव्या खाली ठेवल्या, किल्ली काढली आणि स्वतःच दार उघडलं.