पहिले पाय धू, मंग मले बांध

मी एक जुना, वास मारणारा घोट्याचा पट्टा आहो. मित्रांनो, नाक दाबा, पण ऐका. हा वास माहा नाई, गुणाबाईच्या पायाचा हाये.

मूल तालुक्यातल्या एका गावात गुणाबाई धानाच्या धुऱ्यावरून, म्हंजे शेताच्या बांधावरून, घसरली. पाय मुरगळला, घोटा सुजून वांग्यावानी झाला. तिची पोरगी मयुरी शिलाईकाम करते. तिनं नळाच्या जाड प्लास्टिक पाइपाचा उरलेला तुकडा उभा चिरला, चुलीवर नरम केला अन् मायच्या पायाले ओला दुपट्टा गुंडाळून त्यावर दाबला. असा मी जन्मलो. पहिल्याच दिवशी घोट्याच्या हाडाले घासलो. मंग तिनं तिथी गोल भोक पाडलं, आतून गोधडीचं अस्तर शिवलं, फाटक्या दप्तराची चर्रर्र वाजणारी चिकटपट्टी लावली.

"माय, रोज संध्याकाळी काढाचा. पाय धुवाचा, पुसाचा, मंगच बांधाचा. म्हणून तं काढता येते असा केला."

"हो वं, समजलं!"

काही नाई समजलं! त्या गावात हाड बसवणारा बांबूच्या कमच्या बांधते, त्या बरं होईपर्यंत कोणी सोडत नाई. गुणाबाईनं मले बी कमचीच समजलं. सूज उतरली तशी मले घेऊनच रोवणीले गेली. चिखल, शेण, सडकं पाणी, सारं माह्या आत. शी! एक जळू तं माह्या अस्तरातच मेली. रात्री बी मी पायातच. मयुरीनं इचारलं का म्हणे, "काढला ना आताच!" खोटारडी!

शेजारचा नथ्थू एक दिवस दारातच थांबला. "गुणाबाई, उंदीर मेला का वं घरात?"

"तुही अक्कल मेली!"

मयुरीले मात्र शंका आली. तिनं मायचं लुगडं वर सारलं अन् मले ओढलं. चर्रर्र! आत कातडी पांढरीफटक, लिबलिबीत. टाचेजवळ जखम, त्यात पू. मयुरीनं नाकच दाबलं.

"माय, पाय सडून राह्यला तुहा! कापा लागला तं?"

"सोडला तं हाड सरकते ना वं!"

"हाड मोडलंच नाई तुहं! नुसतं मुरगळलं हाये!"

गुणाबाईनं वाकून पाह्यलं. तिचा बी हात नाकावर गेला.

जखम भरेपर्यंत रोज दवाखान्यात पट्टी बदलाले जा लागलं. मले साबणानं घासलं, उन्हात टांगलं, नवं अस्तर लावलं. पाय वाचला. वास काही पुरा गेला नाई.

मित्रांनो, माह्यावर दया नका करू. मले धुवा. बांधाले सारे धावतात, सोडून पाहाले कोणाले वेळ नसते.

परवा नथ्थू ट्रॅक्टरवरून पडला. चिखलाच्या पायानं लंगडत आला. "गुणाबाई, तो पट्टा दे वं."

मी खिळ्यावरच अंग चोरलं. गुणाबाईनं मले काढलं अन् पाठीमागं लपवलं.

"पहिले पाय धुऊन ये, डुकरा! अन् रोज संध्याकाळी इथी येऊन सोडाचा. मी सोता वास घेऊन पाहीन."