मूर्तिजापूरची नात

मित्रांनो, पुण्याकडे मला झोपाळा म्हणतात, आमच्या वऱ्हाडात मी बंगई. सागाची रुंद फळी आणि चार लोखंडी साखळ्या, एवढाच माझा जुना जीव. अमरावतीच्या सूर्यभान सुताराने मला घडवलं, तेव्हा घरधनी नत्थुजींचा मुलगा शिवम रांगत होता. माझ्यावर बसून त्याने पाढे पाठ केले, त्याच्या आईने, कौशल्याबाईंनी, तुरीच्या शेंगा सोलल्या, आणि शेतातून आलेले नत्थुजी अशी डुलकी काढत की शेजारी पाऊल न वाजवता परत जात.

पुढे शिवमने अकोल्याच्या रश्मीशी लग्न केलं. मुलगी बौद्ध घरातली म्हणून नत्थुजी लग्नाला गेले नाहीत. मुलाशी बोलणं सोडलं आणि माझ्यावर बसणंही. मग माझ्यावर रद्दी आली, रिकामी पोती आली. सात वर्षं मी हलले नाही.

यंदा उन्हाळ्यात कौशल्याबाईंनी कुणाला न विचारता एसटी गाठली आणि अकोल्याहून सहा वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. तारा तिचं नाव. तिने आल्या आल्या पोती ढकलली आणि माझ्यावर चढली. समोर नत्थुजी पेपरात तोंड खुपसून बसलेले.

"आबाजी, तुमी मायाशी बोलत नाई का?"

नत्थुजींनी पेपर आणखी वर धरला.

"चालते. मी बोलते, तुमी आयका. पेपर उलटा हाये."

पेपर सुलटा झाला. त्याच्यामागे मिशी हसत होती, मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पार्बताबाई मुद्दाम आल्या. "काव पोरी, तू मायकडची का बापाकडची?"

"आई अकोल्याची, बाबा अमरावतीचे. मंग मी मधातल्या मूर्तिजापूरची!"

"तसं नाई व! तुमच्या घरी दिवाळी करता का बुद्धपौर्णिमा?"

"दोन्ही. दिवाळीले करंज्या, पौर्णिमेले खीर. तुमच्या घरी एकच हाये? अरेरे! मंग बाकीच्या दिवशी काय खाता?"

नत्थुजींना हसून हसून ठसका लागला. त्या संध्याकाळी खुर्ची माझ्याजवळ ओढून ते एका हाताने नातीला झोका देऊ लागले.

आठव्या दिवशी ताराला न्यायला रश्मीचे वडील आले. धर्मपाल गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. दोघे व्याही पहिल्यांदाच समोरासमोर. नत्थुजींनी प्लास्टिकची खुर्ची ओसरीच्या पार टोकाला ठेवली.

"आबाजी, खुर्ची पाहुण्यायले देतात. हे तर माये नाना हायेत!" म्हणत ताराने धर्मपालांना ओढत आणून माझ्यावर बसवलं. स्वतः शेजारी बसली आणि उरलेल्या जागेवर थाप मारली. "तुमी बी या."

नत्थुजी खुर्चीची पाठ धरून उभेच. कौशल्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबल्या. मीही थांबले. मग नत्थुजी आले आणि बसले. कर्रर्र! माझी कडी केवढ्यांदा ओरडली!

"तेल नाई दिसत हिले," धर्मपाल म्हणाले.

"सात वर्षं मी बसलोच नाई," नत्थुजी म्हणाले. मग खालच्या आवाजात, "चुकलं मायं."

धर्मपाल उठले. मग विचारलं, "स्टूल कुठं हाये?"

नत्थुजी स्टुलावर चढले, तेल घालू लागले. धर्मपालांनी स्टूल धरलं.

"नाना, घट्ट धरा," तारा खालून ओरडली. "आत्ताशीक बोलाले लागले ते!"

निघायची वेळ झाली. नत्थुजींनी कौशल्याबाईंचा फोन मागून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा सुनेशी बोलले.

"रश्मी, मी शिवमचा बाप. पोरीची चप्पल इथंच राहून गेली. रविवारी तू अन् शिवम येऊन घेऊन जा."

"आबाजी, चप्पल तं माया पायात हाये!" तारा मोठ्याने म्हणाली.

नत्थुजींनी फोनवर हात ठेवला. "मंग काढ. ठेव इथं."

तारा नानांच्या कडेवर बसून अनवाणीच गेली.

त्या इवल्या चपला आता माझ्यावर आहेत, आणि नत्थुजी त्यांच्या शेजारी. आज शनिवार. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी बंगई असेल, तर तिच्यावर रद्दी रचू नका. माणसं बसवा, आणि कडी कुरकुरली तर वेळेवर तेल घाला. सात वर्षं फार होतात.