डावीकडे घे

“मावशी, सीट मागे सरकवू का? गुडघा आखडेल तुमचा.”

ड्रायव्हरने विचारलं तेव्हा त्याच्या शेजारी पुढे बसता बसता मी नुसती मान हलवली. गुडघा खरंच दुखतो माझा, त्यात खोटं नव्हतं. खोटं होतं ते दवाखान्यात जायचंय म्हणून सांगितलेलं.

माझा मुलगा स्टँडवरच्या टॅक्सीवाल्यांचा पुढारी. फोनवरून बोलावायच्या गाड्या आल्यापासून स्टँडकडे माणूस फिरकत नाही. दिवसभर गाडी पुसायची आणि घरी येऊन बायकोवर डाफरायचं, एवढाच धंदा उरलाय. म्हणून त्यांनी ठरवलं, अशी एक गाडी बोलवायची, स्टँडमागच्या गल्लीत आणायची आणि चारही चाकांची हवा सोडायची. बेत दोनदा फसला. यांची थोबाडं दिसली की गाडीवाले लांबूनच पसार. तेव्हा मीच म्हटलं, “तुम्हाला बघून यमसुद्धा गाडी वळवेल. मी बसते.”

सून काहीतरी बोलायला गेली. “तू गॅसवरचं बघ,” म्हणून तिला गप्प केलं. घरी जमलेल्या स्टँडवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं कौतुक झालं की माझी अक्कल चरायला जाते.

“काच फुटली तर माझ्याशी गाठ आहे,” एवढं मात्र बजावलं होतं.

“सोबत कोणी नाही आलं?” ड्रायव्हरने विचारलं.

“मुलगा आहे. कामात असतो.”

“मग मी आत डॉक्टरपर्यंत सोडतो. बाहेर थांबतो, परत घरी आणतो.”

“आणि तुझा धंदा बुडाला म्हणजे?”

“बुडायला तो आधी असावा लागतो,” तो हसला. “मीपण टॅक्सीच चालवायचो, मावशी. आमच्याकडचा स्टँडच उठला. मग काय करता, आलो या फोनवाल्या कंपनीच्या दारात.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे स्टँडमागच्या गल्लीकडे वळायचा चौक आला. सरळ गेलं की दवाखाना. मी गप्प बसले असते तर तो सरळच गेला असता.

“डावीकडे घे,” मी म्हटलं. “इकडून जवळ पडतं.”

“फोन सरळ दाखवतोय. पण तुमचा रोजचा रस्ता, तुम्ही म्हणाल तसं.”

गल्लीत शिरताच पुढून टॅक्सी आडवी आली, मागून दुसरी. कुणीतरी बॉनेटवर हात आपटला. ड्रायव्हरने दारं लॉक केली आणि एक हात माझ्या तोंडापुढे धरला. “मान खाली घ्या. घाबरू नका, मी बोलतो त्यांच्याशी.”

तेव्हा तरी माझ्या तोंडातून शब्द फुटायला हवा होता. एरवी ते कधी मिटत नाही.

त्याने काच बोटभर खाली केली. “अहो, पेशंट आहे गाडीत. आधी त्यांना जाऊ द्या, मग माझं काय करायचं ते करा.”

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. माझा मुलगा माझ्या बाजूच्या काचेशी आला.

“आई, उतर आता. झालं काम.”

ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, शिव्यांना उत्तर द्यायला मी कधी कमी पडले नाही. तो मात्र खाली उतरला, वळसा घालून आला, माझ्या मुलाला हाताने बाजूला केलं आणि माझं दार उघडलं. माझं कोपर धरलं.

“आधी चांगला पाय टेका,” तो म्हणाला. या वेळी मावशी म्हणाला नाही.

मी उभी राहिल्यावरच त्याने हात सोडला. मग कडेला भिंतीशी जाऊन उभा राहिला. पोरं चाकांपाशी बसली आणि हवा जायला लागली. काच काही फुटली नाही. माझा शब्द पाळला सगळ्यांनी.

मुलगा खुशीत होता. त्याने आपल्या टॅक्सीचं पुढचं दार उघडून धरलं. “बस, आई. घरी सोडतो.”

मी मागचं दार उघडलं आणि मागे बसले, भाडं देऊन बसलेल्या परक्या गिऱ्हाइकासारखी.

“अगं, पुढे बस ना.”

“चल,” मी म्हटलं.

त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं, मग आरसा थोडा वर केला आणि गाडी सुरू केली.