कळसापेक्षा उंच काठी

बजरंग गेला तेव्हा तो बिरोबाच्या देवळापुढच्या लिंबाखाली उभा होता. परतीच्या पावसाचे दिवस होते. मेंढरं माळावर पांगलेली होती, आभाळ एकाएकी काळवंडलं आणि सर ओसरेपर्यंत म्हणून तो झाडाला टेकला. वीज त्या लिंबावर पडली. झाड उभं चिरलं आणि खालचा माणूस जागच्या जागी संपला.

शिरूर कासारच्या आतल्या अंगाला असलेल्या या वाडीत वीज पडून कुणी दगावणं नवीन नव्हतं. पण देवाच्या दारात, देवाच्याच झाडाखाली, असं कधी झालं नव्हतं. लोकांनी त्याचा अर्थ लावला. बजरंगची बायको रतनबाई हिनं लेकीच्या बाळंतपणात बिरोबाला नवस बोलला होता आणि तो फेडायचा राहिला होता. शेजारच्या चतुराबाईनं हे हापशावर बोलून दाखवलं आणि बघता बघता वाडीभर झालं. रतनबाईला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. ती आली की बोलणं थांबायचं, एवढंच. तिनं मग देवळाकडं जाणं सोडलं. मेंढरं घेऊन ती डोंगराच्या मागच्या, खडकाळ उतरणीला जायला लागली.

दोन वर्षांनी देवळावर वीज अटकाव यंत्र बसवायचं ठरलं. आसपास तीच जागा उंच, आणि पावसात सगळे मेंढके तिथंच धावायचे. बीडहून मोहिनी नावाची इंजिनीयर आली. शाळेच्या ओट्यावर माणसं जमली. रतनबाई मागं, खांबाशी बसली.

"सळई कळसाच्या वर पुरुषभर तरी निघाली पाहिजे," मोहिनी म्हणाली.

सरपंच विठ्ठलरावांनी मान हलवली. "कळसाच्या वर काय जात न्हाई, मॅडम. देवाच्या डोक्यावर सळई ठोकायची म्हंजे लोक मला काय म्हणतील?"

मोहिनी चिडली नाही. असं ती आधीही ऐकून आली असावी. "हे सगळीकडं झालंय, सरपंच. फ्रँकलिन म्हणून एक माणूस होता, त्यानं अमेरिकेत ही सळई काढली. पावणेतीनशे वर्षं होत आली. तेव्हा तिकडच्या उंच चर्चवर विजा पडायच्या. वादळ पळवायला लोक घंटा वाजवायचे, आणि दोर ओढणारेच मरायचे. तरी कित्येक जण म्हणायचे, वीज म्हणजे देवाचा राग, त्याच्या आड येणारे आपण कोण. लोकांना पटायला फार वर्षं गेली."

"मग ही सळई विजंला अडवती का?" बंकटनं विचारलं. बंकट हा बजरंगचा धाकटा भाऊ. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती तोच बघायचा.

"अडवत नाही. वाट देते. विजेला जमिनीत शिरायचं असतं. वाटेत दगड आला तर ती दगड फोडते, माणूस आला तर माणूस मारते. आपण तिला सळईपासून तांब्याची पट्टी देऊ, भिंतीच्या बाहेरून थेट खोल खड्ड्यात. खड्ड्यात कोळसा न मीठ घालू. ती गुमान तिकडनं जाईल."

मागून रतनबाईचा आवाज आला. "बाय, ती माणूस वळखून पडती का?"

माणसांनी मागं वळून खांबाकडं बघितलं. मोहिनीला त्यामागचं काही माहीत नव्हतं. तिनं साधं उत्तर दिलं. "नाही काकू. तिला माणूस कळत नाही न देऊळ कळत नाही. बहुतेक वेळा जे उंच असतं ते ती धरते."

"तितं काय उंच व्हतं?"

हे तिनं मोहिनीला विचारलं नव्हतं. बंकट खाली बघत म्हणाला, "लिंब व्हता, वैनी. कळसाच्या बी वर गेलता."

विठ्ठलरावांनी घसा साफ केला आणि बैठक मोडायच्या बेतात आली, तेव्हा बंकटच उठला.

"सरपंच, मढीच्या यात्रेत आपण देवाची काठी कळसाला भेटवतो. तवा काठीचा शेंडा कुटं असतो?"

"कळसाच्या वर असतो."

"मंग देवाला काठी चालती. ही बी काठीच हाय. तांब्याची हाय, एवढंच."

विठ्ठलरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. "काठी म्हणत असशील तर बशीव. पर आदी नारळ फोडा."

नारळ फुटला, काठी बसली. जाताना मोहिनीनं सगळ्यांना बजावलं. आभाळ गरजलं की झाडाखाली थांबायचं नाही. देवळात जायचं, मधोमध बसायचं. भिंतीला टेकायचं नाही आणि पट्टीजवळ, खड्ड्याजवळ फिरकायचं नाही.

पावसाळा सरता सरता एका दुपारी रतनबाई मागच्या उतरणीला होती. माजलगावच्या बाजूनं आभाळ भरून आलं आणि गडगडायला लागलं. जवळ एकच बाभूळ होती. मेंढरं सवयीनं तिच्याकडं वळली, रतनबाईचे पायही वळले. मग ती थांबली. बाभळीकडं बघितलं आणि काठीनं मेंढरं उलटी फिरवली. देवळाकडं.

चढ संपेपर्यंत थेंब टपोरे झाले होते. बंकट दारातच होता. "आत या, वैनी."

ती पायरीशी अडखळली. दोन वर्षांत तिनं ती पायरी ओलांडली नव्हती. मेंढरं तिच्या दोन्ही अंगांनी घुसली आणि त्यांच्या रेट्यानं तीही आत गेली. दोघं मधोमध बसले, भोवती ओली लोकर आणि धापा.

तेवढ्यात सगळं पांढरं झालं. आवाज असा झाला की तो कानात न येता छातीत आला. फरशी थरथरली. मेंढरं एकमेकांवर चढली. मग नुसता पाऊस ऐकू यायला लागला.

बंकटनं स्वतःचे हात चाचपले, मग तिच्याकडं बघितलं. ती धड होती. एक कोकरू तिच्या लुगड्यात तोंड खुपसून उभं होतं.

"देवळावरच पडली का?" तिनं विचारलं.

"देवळावरच."

रतनबाईनं गाभाऱ्यातल्या बिरोबाकडं बघितलं. शेंदूर जसाच्या तसा होता. "मंग देवानं कुनाचा नवस थकवला व्हता, भावजी?"

बंकट आपल्या फेट्याचं टोक डोळ्याला लावून बसला. भाऊ गेल्यावर तो चार माणसांत रडला होता, पण वहिनीच्या बाजूनं कधी एक शब्द बोलला नव्हता. रतनबाई मात्र कोकराची पाठ चोळत राहिली. तिचा श्वास हळूहळू खाली बसला.

शिखरावर पडलेली वीज खालून वाडीनं बघितली होती. पाऊस थांबताच माणसं धावत वर आली. पुढं विठ्ठलराव, मागं चतुराबाई, चिखलानं माखलेली. दारातून मेंढरं एकेक बाहेर पडत होती, शेवटी रतनबाई आली. चतुराबाईनं पुढं होऊन तिच्या हातातलं कोकरू घेतलं.

"घरी चल. च्या ठिवते."

"मेंढरं कोंडून येते," रतनबाई म्हणाली.

ती खरंच गेली. चुलीपाशी दोघी बसल्या. चहा उकळेपर्यंत चतुराबाई जाळ सारखा करत राहिली. मग म्हणाली, "मी तवा लई बोलून गेलते."

"ठावं हाय मला."

"माजं चुकलं."

रतनबाईनं बशीत चहा ओतला, फुंकला, प्याली. माफ केलं असंही ती म्हणाली नाही आणि नाही केलं असंही नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुजा पोरगा राम कुटं नेतो शेरडं?"

"तळ्याच्या माळावर."

"तितं तर आडोसाच न्हाई. पाऊस आला की त्या वडाखाली बसत असंल."

चतुराबाईचा हात थांबला. "वडाखालीच बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मिळून विठ्ठलरावांच्या दारात गेल्या. तळ्याच्या माळावर एक पक्की खोली हवी आणि तिच्यावर काठी हवी, असं रतनबाईनं सांगितलं. विठ्ठलराव दात घासत होते. चूळ भरून ते म्हणाले, "बसा," आणि मोहिनीला फोन लावायला आत गेले.