ठकुबाईंचा उजवा डोळा

"जायच्या आधी आठ दिवस कुणाच्या डोळ्याला हात लावू नका, मॅडम," असं विमलबाईंनी मला बजावलं होतं. चाकणच्या माझ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी त्याच मदतीला असतात. बिघडायचं ते बहुतेक पहिल्या आठवड्यातच बिघडतं, तेव्हा ऑपरेशन करणारी जागेवर हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. मी हसले. म्हटलं, एवढी एकच केस.

ती एक म्हणजे निघोज्याच्या ठकुबाई. डाव्या डोळ्यानं त्यांना लहानपणापासूनच दिसत नाही आणि उजव्यात मोतीबिंदू पार पिकलेला. मी मंगळवारी निघणार होते. मलावी देशात डोळ्यांच्या ऑपरेशनचं तीन आठवड्यांचं मोफत शिबिर, माझं पहिलंच. त्यांचा मुलगा नवनाथ म्हणाला, आईनं परवा चाचपडत चुलीत हात घातला, अजून महिनाभर कशी सांभाळू? त्याच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. मी त्याच गुरुवारी ऑपरेशन केलं.

शुक्रवारी पट्टी काढली तेव्हा डोळा स्वच्छ होता. ठकुबाईंनी माझ्या साडीचा रंग सांगितला. मी त्यांना चिंचवडच्या डोळ्यांच्या डॉक्टरचा, माझ्या मित्राचा, ज्ञानेशचा नंबर दिला आणि दुखलं, लाल झालं, धूसर दिसलं तर तासभरही थांबायचं नाही, असं दोनदा सांगितलं. त्या मान डोलावत राहिल्या.

नंतरचे दिवस तयारीत गेले. लेन्सचे खोके, पदवीच्या प्रती, लसीचं कार्ड. दीड वर्षांच्या लेकीचं दूध तोडायचं होतं. ती माझा गाऊन धरून रडायची आणि मी दर तासाला तिचा ताप बघायची. ताप नव्हताच. नवरा निरंजन म्हणाला, "अगं, थर्मामीटरलाच ताप येईल आता."

सोमवारी नवनाथ शेंगांची पिशवी घेऊन घरी आला, आईनं वाटेत खायला दिल्यात म्हणून. डोळा कसा आहे, विचारलं. "बरा हाय," तो म्हणाला, पण पिशवीकडे बघत. मला ते दिसलं. एरवी मी अशी माणसाला सोडत नाही. पण आत लेक रडायला लागली आणि मी वळले.

मंगळवारी दुपारी अदिस अबाबाच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघताना फोन चालू केला. नवनाथची बायको रोहिणी हिचा आवाजी निरोप होता, सकाळचा, दबक्या आवाजातला.

"मॅडम, आत्याबाईंचा डोळा रविवारपासनं ठणकतोय. लालभडक झालाय. सांगू नका म्हणाल्या. निघणाऱ्या माणसाच्या कानावर दुखणं घालू नये, एवढ्या पुण्याच्या कामाला चालल्यात, त्यांचा पाय अडकंल. तुमी पोचला आसाल म्हणून आता सांगते."

मी पोचले नव्हते, पण परतायलाही उशीर झाला होता. रोहिणीला फोन लावला, ती उचलेना. नवनाथचा फोन शिफ्ट सुटेपर्यंत कंपनीच्या गेटवर जमा असतो. ज्ञानेशला लावला. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता पाठव, इंजेक्शन तयार ठेवतो, उद्यावर गेलं तर डोळा हातचा जाईल. मग निरंजनला पाठवलं. तो लेकीला घेऊन निघोज्याला गेला. तासाभरानं त्याचा फोन आला, आवाज अगदी मोकळा. ठकुबाई काळा चष्मा लावून ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी हसून सांगितलं, समदं झ्याक हाय, मॅडमला म्हणावं पोरीची काळजी करू नका.

"चष्मा काढायला लावलास का?"

तो म्हणाला, म्हातारीला कसं म्हणू? मी त्याला मागे फिरायला सांगितलं, पण तो घराकडे परतताना पार मोशीच्या पुढं अडकला होता, गाड्या जागच्या हलत नव्हत्या.

आता माझ्या विमानात माणसं चढताहेत. ओळखीच्या सगळ्यांना कळवून झालं, पण लगेच पोचेल असं कुणी नाही. म्हणून हे सगळं इथं लिहून तुम्हाला विचारते. निघोज्यात असाल, कंपनीच्या बसनं तिथून जात असाल, तर उतरा. ठकुबाई बऱ्या आहेत असंच सांगतील, चहाही विचारतील. ऐकू नका. चष्मा काढायला लावा आणि दोन हातांच्या अंतरावर बोटं धरून किती ते विचारा. त्यांनी अंदाजानं आकडा सांगितला, तर त्यांना तशाच गाडीत घाला आणि चिंचवडला न्या. मी रागावले आहे, म्हणून सांगा. पण आधी जाऊन बघा.