मधेच फुटलेलं रहस्य

मित्रांनो, मी वाचनालयातली एक जुनी रहस्यकादंबरी आहे. पाठ मोडलेली, कोपरे झिजलेले, पण अजूनही श्वास रोखायला लावणारी. हे मीच म्हणते बरं का, दुसरं कोण म्हणणार?

माझ्या गोष्टीत एका मुलीचा भाऊ बेपत्ता होतो आणि त्याला शोधायला तिच्याकडे दोनच दिवस असतात. माझी प्रकरणं चार-चार पानांची. प्रत्येकाच्या शेवटी दार तरी वाजतं, नाहीतर फोन बंद पडतो. त्यामुळे मुलं मला जेवताना वाचत, बाकाखाली लपवून वाचत. हाताळून हाताळून माझी शिवण उसवली.

ग्रंथपालबाईंनी मला बाइंडरकाकांकडे पाठवलं. काका तीस वर्षं पुस्तकं शिवत होते, पण वाचलेलं एकही नव्हतं. "वाचत बसलो तर शिवणार कधी?" म्हणायचे. माझं एक पान मात्र त्यांनी सहज चाळलं आणि अडकलेच की! राहवेना म्हणून सोळा पानांचा शेवटचा गठ्ठा आधी वाचून काढला, आणि त्याच तंद्रीत तो मधेच ठेवून शिवून टाकला.

झालं! आता पोहणं शिकवणारे सरच गुन्हेगार आहेत, हे निम्म्यातच कळायला लागलं. मुलं वैतागली. मला खालच्या कपाटात टाकलं. दोन वर्षं एकाही हाताने मला उघडलं नाही, आणि खरं सांगते, फार वाईट वाटायचं. मग शनिवारी रद्दीत जाणाऱ्या पुस्तकांची यादी झाली. त्यात पहिलं नाव माझं.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, ग्रंथपालबाईंची भाची आली. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी टिकत नाही. पुस्तकाचं तर नावच नको. मावशीचं काम संपेपर्यंत ती रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी बसली आणि चाळा म्हणून मला उघडलं. पहिलं दार वाजलं, दुसरं वाजलं, भिंगरी हलली नाही. मधे सरांचं बिंग फुटलं. आता ही मला आपटणार, असं मला वाटलं. तिने तो चुकीचा गठ्ठा संपवून पान उलटलं, आणि गोष्ट पुन्हा मागे आली. सर मुलीला गाडीत बसायला सांगत होते.

"अगं बसू नकोस! तोच आहे तो!" भिंगरी ओरडली.

मावशी धावत आली. "काय गं, काय झालं?"

"मावशी, तिला माहीतच नाहीये! माझा जीव टांगणीला लागलाय."

"अगं, पण तुला शेवट कळलाय ना?"

"कळलाय म्हणूनच तर सोडवत नाहीये!"

ही पोर तासभर एका जागी बसलेली मावशीने कधी पाहिली नव्हती. तिने यादी काढली आणि माझं नाव खोडलं. मग किल्ल्या उचलल्या. "चल, बंद करायचंय."

"चारच पानं गं, मावशी!"

मावशी किल्ल्या ठेवून शेजारी बसली.

मित्रांनो, आमची शिवण उसवली तर जरूर सांगा, पण उघडून बघितल्याशिवाय आम्हाला रद्दीत टाकू नका. आणि तुमच्या घरात कुणी "चारच पानं" म्हणालं, तर तेवढं थांबा.