पिवळ्या वाफ्यांचं पाणी

दामिनी अकोल्याहून तेल्हाऱ्याला उतरली आणि घरी न जाता थेट वावरात गेली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय ठेवताच तिला कळलं, आपल्या प्रयोगाची वाट लागली. मुद्दाम कोरडे ठेवलेले वाफे चिंब भिजले होते. मेहनतीवर पाणी फिरलं असं लोक म्हणतात, इथे ते चक्क मोटर लावून फिरवलं होतं.

कृषी महाविद्यालयाच्या पदवीसाठीचा तो प्रयोग. सोयाबीनला युरियाची गरज नाही, मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र ओढून घेतात, हे शेंबडं पोरही सांगतं. पण ऐन शेंगा भरायच्या वेळी पाऊस दडी मारतो, जमिनीला भेगा पडतात आणि गाठी काम टाकून बसतात, तेव्हा पिकाने खायचं काय? म्हणून तिने काही वाफ्यांना पाणी दिलं, काहींचं तोडलं आणि दोन्हीकडे निम्म्यांना थोडा युरिया घातला. दाण्यात कस किती उतरतो, ते शेवटी तपासायचं होतं. कोरडे, बिनयुरियाचे वाफे पिवळे पडू लागले तेव्हा ती हरखली होती, कारण उत्तर यायला लागलं होतं.

आणि बापाने नेमके तेच वाफे भिजवले होते.

खुशालराव स्प्रिंकलरचे पाइप उचलत होते.

"बाबा, काहून देल्लं पानी?"

"पाह्यवलं नाई मले. पीक माना टाकून राह्यलं होतं. अन् येनारा-जानारा म्हने, खुशालरावच्या पोरीनं शिकून पीक वाळवलं."

"ते कोरडंच ठेवाचं होतं. कितीकदा सांगतलं तुमाले."

"चुकलं बापा. पुढच्या वर्षी पेर पुन्हा. वावर काय पळून चाललं?"

दामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. याच माणसाने जूनमध्ये अट घातली होती, एवढा हंगाम करून घे, दिवाळीनंतर तुझं लग्न. परतवाड्याच्या पाहुण्यांना शब्दही देऊन टाकला होता, आणि त्यांना सून अर्धवट शिकलेली चालणार होती. तेव्हा ती रडली, जेवणावरून उठून गेली, तरी घरात कुणी हूं की चूं केलं नाही. झाडाने मान टाकली तर मात्र यांचा जीव तुटला.

"पुढच्या वर्षी मी कोनाच्या वावरात पेरू?" तिने विचारलं.

खुशालरावांचे हात थांबले.

"सोयाबीन सुकलेलं दिसते तुमाले. मी जूनपासून सुकून राह्यली, ते नाई दिसलं." तिने त्यांच्या खिशातला फोन काढून त्यांच्यापुढे धरला. "परतवाड्याले सांगा, पोरगी पुढच्या वर्षी पेरनार हाय. लगन मंग पाहू."

"लोकं काय म्हनतीन?"

"लोकायचं आयकूनच पानी देल्लं ना."

त्यांनी वाकून वाफ्यातलं एक रोप हातात धरलं. पिवळी पानं अजून पिवळीच होती, नुसती ओली झाली होती. मग त्यांनी चिखलाचे हात पायजम्याला पुसले.

"नंबर लावून दे," ते म्हणाले.